शंका आली की फोडायचं

४ मार्च

आज चिरंजीवांनी दवाखान्यातल्या कारकुनाच्या कानशिलात लगावली. भरल्या हॉलमध्ये, वीस-पंचवीस पोटुशा बायकांसमोर! कारकुनाचा चष्मा उडून एकीच्या ओटीत पडला. ती म्हणे, "माझ्याकडे कशाला, माझी ओटी आधीच भरलेली आहे." सगळा हॉल हसला म्हणून निभावलं, नाहीतर पोलीसच यायचे.

हे मला सूनबाईने सांगितलं. चिरंजीव कारखान्यात आले, हात धुतले, साच्यांना लागले. तोंड मात्र भट्टीसारखं.

झालं काय — सूनबाईला चौथा महिना लागलाय. रक्त तपासलं, पोटावरून यंत्र फिरवून बाळाच्या मानेमागची जाडी मोजली. आज निकाल. "शक्यता जास्त." म्हणजे एक गुणसूत्र जादा असण्याची. मूल सावकाश शिकणारं, चेहरेपट्टी वेगळी, कधी हृदयाला भोक. खात्री करायची तर पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं, ते तपासायचं. कारकुनाने त्याचा फॉर्म पुढे सरकवला. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच!

५ मार्च

सूनबाई शाळेत गणित शिकवते. जेवताना मला समजावलं.

"चौतिसात एक, बाबा. चौतीस चिठ्ठ्या धरा. तेहतीस कोऱ्या."

"अगं, माझ्या ओतकामाच्या भट्टीत आठात एक नग खराब निघतो! चौतिसात एक निघाला तर मी मिस्त्रीला खांद्यावर घेऊन नाचेन."

ती हसली. चिरंजीव नाही हसले. ताट उचललं आणि भिंतीवर मारलं. स्टीलचं ताट, खणखणीत वाजलं. "नाद चांगला आहे, ताटाला चीर नाही," मी म्हटलं.

आमची ही म्हणाली, "कशाला हवी ती सुई? हात दाखवून अवलक्षण!"

सूनबाई म्हणाली, "आई, अवलक्षण हातात असतं. दाखवण्यात नसतं."

बोलते छान पोरगी. शिकलेल्या माणसाचा घाव असा — रक्त येत नाही, पण लागतो.

७ मार्च

ब्रेकचे ड्रम साठ आले ओतून. एकेक साखळीला टांगायचा, हातोडीने ठोकायचा, ऐकायचं. चांगला ड्रम घंटेसारखा वाजतो, नाद हवेत राहतो. आत चीर असेल तर आवाज बसका, लगेच मरतो. डोळ्याला काही दिसत नाही. कान हाच माझा रिपोर्ट. आज अकरा संशयाचे. खडूने फुली, ढिगावर, मग घण, मग परत भट्टी.

छत्तीस वर्षं एकच नियम — शंका आली की फोडायचं. गिऱ्हाईक म्हणतं, हलक्या दरात द्या, चालेल. नाही देत! धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी एक पुली दिली होती मी. आवाज जरासा बसका होता. म्हटलं, भास असेल. ती चालू मशीनवर फुटली. तुकड्याने एका माणसाचा खालचा जबडा नेला. माणूस अजून आहे, नळीने पितो. त्यानंतर संशयाचा एकही नग माझ्या फाटकातून बाहेर गेलेला नाही. चिरंजीव हा नियम माझ्या मांडीवर बसून शिकलेत, पाढे पाठ व्हायच्या आधी.

तर आज तेच चिरंजीव ढिगापुढे आडवे उभे! घणवाल्याने घण उचलला तर त्याचा गळा धरला.

"आज नाही फोडायचं."

"मालक म्हणाले..."

"मालक गेले उडत!"

घणवाल्याचे ओठ काळेनिळे पडले तेव्हा तिघांनी ओढून सोडवलं. गळ्यावर चार बोटं उमटलेली. मी त्याची माफी मागितली, रजा दिली. चिरंजीवांना म्हटलं, "घण चालवायला माणूस ठेवलाय, गळा आवळून घ्यायला नाही."

तर म्हणतात, "एक दिवस राहू द्या ना ढीग. एकच दिवस."

असली थेरं माझ्याकडे नाहीत. मीच घण घेतला. एकसष्टाव्या वर्षी! अकराच्या अकरा फोडले. एक कपची नडगीवर बसली, विजार रक्ताने भिजली. तो शेवटपर्यंत बघत उभा होता. पापणी लवली नाही.

धंद्यावर राग आहे पोराचा. दुसरं काय असणार?

१० मार्च

कारकुनाची माफी मागायला गेलो, सूनबाईला घेऊन. म्हटलं, "मुलाचा हात जरा जड आहे." तो गाल चोळत म्हणाला, "वंशपरंपरागत दिसतंय." मी खूश! असा माणूस माझ्या ऑफिसात हवा.

सूनबाईला आत वेळ होता. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून ऐकत बसलो. भट्टीच्या गोंगाटात मला चीर ऐकू येते, समोरच्या खुर्च्या म्हणजे काय मोठंसं!

एक दांडगी बाई, तिसरी खेप. "मी नाही हं सुई घेणार. कळून करू काय? आधीचे दोन न तपासता घेतले. अगदी धडधाकट निघाले, आणि रोज माझा जीव खातात!"

तिच्याशेजारी कुणाची तरी म्हातारी आई. "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही."

"तुमच्या वेळी दहातली चार जात होती, मावशी. तीच तुमची तपासणी."

एक अगदी कोवळी. सासू म्हणते कर, नवरा म्हणतो नको, आई म्हणते देवावर सोड. "मी म्हणते, आधी माझी ओकारी थांबू दे, मग बोला सगळे!"

कोपऱ्यात एक अंगाने किरकोळ बाई होती, फाईल छातीशी धरून. ती हळूच म्हणाली, "मी घेतली होती सुई, मागच्या खेपेला. तसंच निघालं. थांबवलं मी."

मग दांडगी म्हणाली, "थांबवलं काय म्हणता? मारलंत म्हणा."

पुढचं इतकं झटकन झालं! किरकोळ बाईने फाईल उलटी धरून तिच्या तोंडावर मारली, कडेने. नाकातून रक्ताची धार. दांडगीने तिचे केस पकडून तिला खुर्चीवरून खाली ओढलं. दोन पोटं, चार हात, आरडाओरडा! कारकून खिडकी बंद करून आत बसला — शहाणा झालाय. मधे पडली ती आमची सूनबाई. दोघींच्या मधे स्वतःचा हात घातला, मनगटावर दातांचे वण आले, पण सोडवलं. मग खाली बसून विखुरलेले कागद तारखांप्रमाणे लावून दिले.

किरकोळ बाईला तिने विचारलं, "कसं ठरवलंत?"

"एका मंगळवारी ठरवलं. सोमवारी नेमकं उलटं ठरवलं होतं."

"वाईट वाटतं?"

"रडू येतं. पण रडू आलं म्हणजे चुकलंच, असं नाही ना."

परत येताना गाडीत सूनबाई म्हणाली, "मी सुई घेणार, बाबा. कळून घ्यायचंय. पुढचं पुढे. मूल ठेवायचं म्हटलं तरी तयारी करायला महिने मिळतील." मी म्हटलं, शाबास! काम म्हणजे आधी मोजमाप.

११ मार्च

वीज नाही. भट्टी बंद. घरात कुणी कुणाशी बोललं नाही. त्याला वीज लागत नाही.

१४ मार्च

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

दुपारी जेवणं झाली होती. मी माझ्या खोलीत, ते दोघं पलीकडच्या. मधली भिंत एका विटेची, म्हणजे माझ्या कानाला कागदच. सूनबाईने फॉर्म भरून सही केली होती. फाडल्याचा आवाज आला.

"फाड. उद्या दुसरा आणीन. सही माझी लागते, तुझी नाही."

"तपासलं की संपलं! कळत कसं नाही तुला? तपासलं की संपलं!"

"अरे, नुसतं कळून..."

मग धक्का. मग कपाळ आणि लोखंडी कपाटाची कड. आयुष्यभर आवाज ओळखण्यावर पोट भरलं मी. हा आवाज परत ऐकायचा नाही मला.

आत गेलो तर ती खाली बसलेली, एक हात पोटावर, एक कपाळावर, बोटांतून रक्त ओघळतंय. तो नुसता उभा. दाराचा अडसर माझ्या हाती लागला. लोखंडी, दोन हात लांब. पहिला घाव त्याच्या उजव्या हातावर. हाड मोडलं ते स्वच्छ ऐकू आलं. मग पाठीवर. परत पाठीवर. तो ओरडलाही नाही, त्यानेच माझं डोकं आणखी फिरलं. ही माझ्या दंडाला लोंबकळत होती, "अहो, मरेल तो! मरेल!"

"मरू दे!" म्हणालो मी. माझ्या एकुलत्या एका पोराला.

मला वाटलं — ह्याला मूल नकोय. एक शंका आली आणि मोडायला निघाला, बायकोसकट.

१५ मार्च

सूनबाईला सहा टाके. बाळाचे ठोके व्यवस्थित, स्वतः ऐकले मी. घोडं दौडतंय तसे. चिरंजीवांच्या हाताला प्लास्टर, पाठ सुजून ढोलकं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? सूनबाई — कपाटाची कड. चिरंजीव — जिन्यावरून पडलो. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या घराला बरेच कोपरे आहेत."

सूनबाई औषधं आणायला खाली गेली. मी खाटेशेजारी बसलो. तोच बोलला, छताकडे बघत.

"बाबा, तुम्ही संशयाचा एक तरी नग ठेवलात कधी? एक?"

"धंद्याचं इथे काय?"

"लहानपणापासून बघतोय मी. ठोकायचं, ऐकायचं, फुली मारायची, फोडायचं. आपल्याकडे तपासायचं म्हणजे फोडायचंच. तिला वाटतं, नुसतं कळून घेऊ. आपल्याकडे नुसतं कळून घेणारं आहे कोण? फुली पडली की तुम्ही... त्या दिवशी एक दिवस मागितला होता मी. तोही नाही दिलात."

आणि रडायला लागला. चौतीस वर्षांचा घोडा, प्लास्टरमध्ये तोंड खुपसून!

म्हणजे मी उलटं वाचलं. सगळंच उलटं. ह्याला मूल हवंय. तो ते लपवत होता. कारकुनापासून नव्हे, सुईपासून नव्हे, माझ्यापासून! पोराच्या डोळ्यांपुढे घण माझ्या हातात होता, आणि बसला त्याच्या बायकोच्या कपाळाला.

मी त्याचा चांगला हात धरला. म्हटलं, "निकाल काहीही येऊ दे. ह्या मुलाच्या केसाला धक्का लागणार नाही. माझा शब्द." माझा शब्द म्हणजे काय, हे बाजारात कुणालाही विचारा. तो शांत झाला. सुईला कबूल झाला. बापलेकांनी मिळून एवढा मोठा गुंता पंधरा मिनिटांत सोडवला!

सूनबाई औषधं घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं हसत होतो. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सगळं ठरलं, तू काळजी करू नकोस.

१६ मार्च

सूनबाईने हिच्या खोलीत अंथरूण टाकलं. नवऱ्याला आमच्या देखत सांगितलं, "पुन्हा हात लागला तर मी जाणार. आणि पोलिसांत सांगून जाणार." चिरंजीव मान खाली घालून हो म्हणाले. मग तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मीही हो म्हणालो. अडसर काढून कारखान्यात नेला, भट्टीत टाकला.

२२ मार्च

सूनबाईने एक घर शोधून काढलं — असं मूल वाढवलेलं. तिच्या शाळेतल्या एका मुलीची आई, शिंपीणबाई. थोरली मुलगी तशी, सतरा वर्षांची. मला म्हणाली, येता का? गेलो.

थोरलीने दार उघडलं. माझा हात धरला आणि सोडेचना! शिलाई मशीनशेजारी बसवून मला बटणं रंगाप्रमाणे लावायला लावली. चुकलो की हातावर चापट. जोरात! मी तीनदा चुकलो. मिस्त्री म्हणून ठेवावी अशी पोरगी.

सूनबाईने विचारलं, "खरं सांगाल?"

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. "लोक म्हणतात देवाचं लेकरू. देवाने एकदा येऊन हिची नखं कापून दाखवावीत. हे बघा." दंडावर चावल्याचे वण, जुने-नवे. "पहिली पाच वर्षं हॉस्पिटल. हृदय दोनदा उघडलं. आणि आता ही हसली नाही तर माझा दिवस सुरू होत नाही. दोन्ही खरं. एकच ऐकून जाऊ नका."

"परत वेळ आली तर?"

"ते मला विचारू नका. ती समोर बसलीय. मी काय सांगणार?" मग म्हणाल्या, "मला जमलं ते माझ्या नवऱ्यामुळे. ह्या घरात सतरा वर्षांत कुणाचा आवाज चढला नाही. चढला की ही थरथरते, दोन दोन दिवस जेवत नाही. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

सूनबाईने सांगितलं. बाईंनी तिच्या कपाळाकडे बोट केलं. "हे कशाने?"

"कपाटाची कड."

शिंपीणबाईंनी मशीन परत सुरू केलं. मी बटणं लावत राहिलो. चौथ्यांदा चुकलो.

२६ मार्च

सुई घेतली. मी बाहेर, चिरंजीव आत, तिचा हात धरून. बाहेर आले ते चिरंजीवच पांढरेफटक. ती म्हणाली, "तो मटकन बसला, बाबा. सुई मला होती!" हसली. पुष्कळ दिवसांनी.

३० मार्च

सुईचा पहिला निकाल आला. आहे.

एक गुणसूत्र जादा. शंका नाही, खात्री. डॉक्टरीणबाई तासभर बोलल्या — ठेवलं तर काय, थांबवलं तर काय, कशाला किती वेळ हातात आहे. सूनबाई वहीत लिहून घेत होती. चिरंजीव म्हणाले, "लिहितेस कशाला? ठरलंय आपलं." तिने लिहिणं थांबवलं नाही.

ही रडली. मी म्हटलं, रडू नकोस, मी शब्द दिलाय. कुणी काही फोडणार नाही.

२ एप्रिल

चिरंजीव एका हाताने बाळाची खोली रंगवतायत! पिवळी. रंग अर्धा भिंतीवर, अर्धा प्लास्टरवर. शीळ घालतायत. हे पोर शीळ घालतं हे मी विसरलो होतो.

दुपारी हिचा भाऊ आला. माझा मेहुणा — उचलली जीभ लावली टाळ्याला, जन्माचा. रंगाचा डबा बघून म्हणाला, "वेडे झालात का रे सगळे? असलं जन्माला घालून मिरवणार कुठे? काढून टाका, परत प्रयत्न करा. बियाणं काय संपलंय?"

चिरंजीवांनी ब्रश खाली ठेवला. शांतपणे. आणि प्लास्टरचा हात फिरवला. मेहुण्याचे पुढचे दोन दात जमिनीवर! तो पडला तर वर लाथ, बरगडीत. "परत बोल! माझ्या मुलाला परत बोल!" पिवळ्या भिंतीवर लाल शिंतोडे. मी धरलं नाही. खरं सांगतो, धरलं नाही. उलट छाती भरून आली. बाप झाला पोरगा! मीच मेहुण्याला कॉलर धरून फाटकापर्यंत ओढत नेलं, वर दोन माझ्याही दिल्या.

परत आलो तर सूनबाई जिन्यात उभी. शाळेची पिशवी खांद्यालाच. केव्हापासून, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "बघितलंस ना? आहे कुणाची टाप, ह्या घरातल्या मुलाकडे वाकडं बघायची!"

ती वर गेली.

४ एप्रिल

सकाळी सूनबाई माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. थांबवायचं ठरवलंय. सोमवारी, नऊला. वेळ घेऊन आलीय. सही केलीय.

"मूल जादा गुणसूत्राचं आहे म्हणून नाही, बाबा. ते मी वाढवलं असतं. पण ह्या घरात कुणी मारलं, हे मला येऊन सांगायला त्याला किती वर्षं लागतील?"

मी म्हटलं, इथे कोण मारणार त्याला? तिने कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, मी चिरंजीवांना शब्द दिलाय.

"मला विचारून कुठे दिलात?"

मग म्हणाली, "कुणीतरी बरोबर लागतं. तुम्ही चला. त्याला नंतर मी सांगेन."

गाडी मी काढणार आहे.